‘जरा रिमोट द्या’

जानेवारी २००९ मधली एक रात्र. गाळप हंगाम ऐन भरात, घड्याळात पावणेदोन, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावरून फोन : “साहेब, काटा अडकलाय.”

काटा म्हणजे वजनकाटा. आमचं सॉफ्टवेअर काट्याच्या इंडिकेटरमधून वजन वाचायचं, भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजा करायचं आणि पावती छापायचं. इंडिकेटरवर आकडा दिसत होता, कॉम्प्युटरवर मात्र शून्य. पावती नाही म्हणजे गाडी हलत नाही, आणि एक गाडी हलली नाही की मागे ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या अशी रांग केनयार्डातून थेट रस्त्यापर्यंत. ऊस वाळतो, वजन घटतं, आणि शिव्या खायला काट्यावरचा क्लार्क एकटा. मी पुण्यात, अंगावर शाल घेऊन लॅपटॉपसमोर.

दोष सापडल्यावर हसू आलं. रात्रपाळीच्या कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला म्हणून इंडिकेटरची यूएसबी केबल काढली होती आणि परत लावताना शेजारच्या खाचेत लावली होती. विंडोजने तिला नवा नंबर दिला : कॉम ३ ची कॉम ५ झाली. आमचं सॉफ्टवेअर बिचारं कॉम ३ ला कान लावून बसलेलं. सेटिंगमध्ये तिनाचे पाच केले आणि वजन आलं. तीन मिनिटांचं काम. पण तो कॉम्प्युटर माझ्यासमोर दिसायला पाऊण तास गेला होता.

हे पुस्तक त्या पाऊण तासाबद्दल आहे.

लेखिका त्या काळी माझ्या समोरच्याच टेबलावर बसायच्या. असे पाऊण तास त्यांनी माझ्यापेक्षा जास्त काढलेत. प्रस्तावना लिहा म्हणून त्यांनी हस्तलिखित पाठवलं, तेव्हा मला वाटलं होतं की कुठलं अ‍ॅप कसं चालवायचं याची मार्गदर्शिका असेल. तशी ती नाही, हे बरं झालं. अ‍ॅपं दर दोन वर्षांनी बदलतात. त्यांच्या पोटात चालणारी युक्ती मात्र पंचवीस वर्षं तीच आहे, आणि ती मराठीत कुणी नीट सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं.

आता पतसंस्थेत, दवाखान्यात, टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानात ‘जरा रिमोट द्या’ हे वाक्य इतकं रुळलंय की त्यातल्या क्रियापदाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मदत करणारा आपण, पण मागणारेही आपणच. ‘द्या’ म्हणतो आपण. समोरच्याने दिल्याशिवाय ते घेता येत नाही, ही काही शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. जाळ्याची रचनाच तशी आहे. ती तशी का झाली, हे समजलं की पुस्तकातली सगळी प्रकरणं एकाच दोरीत ओवता येतात.

पुस्तकाच्या सुरुवातीला लेखिका दोन भिंती वेगळ्या करून दाखवतात, कारण व्यवहारात आपण दोन्हींना ‘फायरवॉल’ म्हणून मोकळे होतो. खरी फायरवॉल ही मुद्दाम बांधलेली भिंत : कुठलं पाकीट (माहितीचा तुकडा) आत येऊ द्यायचं आणि कुठलं नाही, याचे नियम कुणीतरी बसून लिहिलेले असतात. दुसरी भिंत टंचाईतून उभी राहिली. इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, हे ३२ बिटांचे; सगळे मिळून ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ हा इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजांपैकी एक लिहिला : मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे अनेक यंत्रं लपवायची. यालाच नॅट म्हणतात. तो तात्पुरता तोडगा म्हणून मांडला होता. आपल्याकडच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शेडसारखाच तो पक्का झाला. १९९६ मध्ये खाजगी वापराचे पत्ते ठरले, आणि तेव्हापासून तुमच्या घरचा राउटरही १९२.१६८ ने सुरू होतो आणि माझ्याही. जगाच्या कोठारातले पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. मग इंटरनेट कंपन्यांनी एका नॅटमागे दुसरं नॅट लावलं. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा वेगळा पट्टाच राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून १००.६४ ते १००.१२७ मधलं काही दिसलं, तर समजा की तुम्ही वाड्यातल्या वाड्यात राहताय.

वाड्याची उपमा लेखिकेची आहे आणि ती बरीच लांब चालते. बाहेरून वाड्याला एकच पत्ता. आत पंधरा बिऱ्हाडं. मोठा दरवाजा कायम बंद, त्याला एक दिंडी आणि देवडीवर माणूस. बिऱ्हाडकरू पत्र टाकायला बाहेर निघाला की देवडीवाला वहीत नोंद करतो : अमुक खोलीतून, अमुक माणसाला पत्र गेलं. त्याच माणसाकडून उत्तर आलं की वही बघून ते त्या खोलीत पोचवतो. नोंद नसलेलं पत्र आलं की कुणाला द्यायचं हे त्याला कळत नाही, मग तो ते फेकून देतो. त्याच्या मनात वैर नसतं, त्याच्याकडे फक्त माहिती नसते. नॅटची वही अशीच असते : आतला पत्ता आणि पोर्ट (त्या यंत्रावरच्या एकेका कामाचा क्रमांक), बाहेर दाखवलेला पोर्ट, आणि पलीकडचा पत्ता. फायरवॉलचीही वही जवळजवळ अशीच, फक्त तिला आतल्या कुणी न मागितलेलं पाकीट फेकण्याचा स्पष्ट हुकूम असतो.

उपमा फसते ती एका ठिकाणी, आणि ते ठिकाण महत्त्वाचं आहे. वाड्यातला देवडीवाला माणसं ओळखतो. राउटर पाकिटाच्या वरचे आकडे सोडून काही ओळखत नाही, आणि त्याची वही फार विसराळू असते. यूडीपी, म्हणजे पोच न मागता पाठवलेल्या, पाकिटांची नोंद किमान दोन मिनिटं ठेवावी असं २००७ चा आरएफसी ४७८७ सांगतो. पण तीस सेकंद शांतता झाली की नोंद पुसणारे राउटर घरोघरी सापडतात. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरणारे लोक दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवायची सेटिंग ठेवतात, ती यासाठीच. दर २५ सेकंदांनी देवडीवाल्याला हलवायचं : अहो, मी अजून बोलतोय, नोंद पुसू नका.

भिंती नव्हत्या तेव्हाचं सपोर्टचं काम आमच्या पिढीने शेवटचं पाहिलं. ग्राहकाच्या कॉम्प्युटरला मोडेम, माझ्या कॉम्प्युटरला मोडेम, आणि पीसीएनीव्हेअर नावाचा प्रोग्रॅम. माझ्या मोडेमने त्यांच्या टेलिफोनला फोन लावायचा, दोन्हीकडे ती कर्कश किरकिर, आणि मग स्क्रीन एकेक पट्टी करत उतरायची. एसटीडीचं बिल पाहून मालकाला घाम फुटायचा. पण जोडणी थेट होती. मध्ये टेलिफोन एक्स्चेंज तेवढी, बाकी कुणी नाही. थेट जोडणी हा शब्द आज आपण जिंकून आणलेल्या गोष्टीसारखा वापरतो. एकेकाळी ती फुकट मिळायची.

व्हीएनसी, म्हणजे दूरच्या यंत्राची स्क्रीन आपल्या यंत्रावर दाखवणारा प्रोग्रॅम; त्याच्यावरचं प्रकरण मला विशेष आवडलं, त्यातल्या कॉफीमुळे. केंब्रिजच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेत १९९१ मध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला. जिने चढून-उतरून यावं आणि भांडं रिकामं सापडावं, याला ते वैतागले होते. भांड्याचं चित्र आपल्या टेबलावर दाखवणारा प्रोग्रॅम क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी लिहिला. पुढे त्याच गावातल्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत व्हीएनसी तयार झालं, त्यावरचा शोधनिबंध १९९८ मध्ये आला, आणि त्याच्या लेखकांत हे गृहस्थ होते. लांबच्या वस्तूची आत्ताची स्थिती उठून न जाता दिसावी, ही आळशी माणसाची इच्छा. आमचा अख्खा धंदा तिच्यावर उभा राहिला.

व्हीएनसीची नेहमीची चाल अशी : ग्राहकाच्या यंत्रावर सर्व्हर ५९०० पोर्टवर वाट बघतो, आणि मदत करणारा बाहेरून येतो. भिंत नसेल तर ठीक. भिंत असेल तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करायचा, म्हणजे देवडीवाल्याला कायमचं सांगून ठेवायचं की ५९०० विचारत कुणीही आलं तरी तिसऱ्या खोलीत पाठव. ‘कुणीही’ या शब्दावर लेखिकेने चांगली चार पानं खर्च केली आहेत, आणि ती योग्यच आहेत. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट असा उघडा टाकून ठेवणाऱ्या संस्था मी स्वतः पाहिल्यात. काही ठिकाणी तो मीच उघडून दिला होता, हेही कबूल करतो. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी जाहीर झाली; पासवर्ड न विचारता आत शिरता येईल अशी ती होती. विंडोज एक्सपीला निवृत्त करून पाच वर्षं झाली होती, तरी मायक्रोसॉफ्टने त्याच्यासाठीसुद्धा दुरुस्ती काढली. त्या आठवड्यात मी जुन्या ग्राहकांना एकामागून एक फोन लावत होतो.

परत काट्यावर. त्या रात्री मी उलटी चाल खेळत होतो. व्हीएनसीत तशी सोय पहिल्यापासून आहे : मदत करणाऱ्याने आपल्या यंत्रावर ५५०० पोर्टवर कान देऊन बसायचं, आणि ग्राहकाच्या यंत्राने बाहेर येऊन त्याला गाठायचं. भोक पडतं ते माझ्या भिंतीला, त्याच्या भिंतीला नाही. क्लार्कच्या डेस्कटॉपवर ‘मदत’ नावाची एक फाइल आम्ही ठेवलीच होती. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की ती माझा पत्ता विचारायची. संध्याकाळी आमच्याकडे वीज जाऊन आली होती, राउटर बंद होऊन सुरू झाला होता, आणि पत्ता बदलला होता. नवा पत्ता मी फोनवर सांगू लागलो.

“एकशे सतरा. टिंब.”

“टिंब म्हणजे अनुस्वार का?”

“पूर्णविराम. इंग्रजी फुलस्टॉप.”

“मग तसं बोला की. हा, पुढं.”

चार आकडे, तीन टिंबं, दोनदा चूक, तिसऱ्यांदा बरोबर. तरी काही होईना. कारखान्याच्या फायरवॉलमधून ५५०० बाहेर जाऊच देत नव्हते. कारखान्याचे कॉम्प्युटर बघणारे ईडीपी मॅनेजर, त्यांना उठवलं. ते चिडले नाहीत. हंगामात त्यांचीही झोप तशीच. म्हणाले, “वेब तेवढं सोडलंय. ८० आणि ४४३. तुम्ही ४४३ वर बसा.” मी माझ्या राउटरवर ४४३ चा रस्ता लॅपटॉपकडे वळवला, क्लार्कला पत्त्यापुढे दोन टिंबं आणि ४४३ लिहायला लावलं, आणि दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी ती काळपट हिरवी स्क्रीन माझ्यासमोर उघडली.

रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाल्यावर कड्यावरून उतरून बाळाकडे गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. ४४३ पोर्ट म्हणजे आमचा तो कडा : दरवाजे सगळे बंद, पण इकडून कुणी जाईल असं पहाऱ्याला वाटलेलं नाही. गोष्टीचा दुसरा भाग मात्र सपोर्टवाले विसरतात. महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. फायरवॉलवाल्यांनीही तेच केलं. आताच्या फायरवॉल ४४३ वरून जाणारं पाकीट खरोखर वेबचं आहे की वेबचा वेष घेतलेलं, हे उघडून बघतात. म्हणून त्या ईडीपी मॅनेजरना उठवणं हा त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक टप्पा होता, असं मला आज वाटतं. भिंतीच्या मालकाला माहीत असलेली वाट टिकते.

उलट्या जोडणीत एक अट उरतेच : दोघांपैकी एकाला तरी बाहेरून गाठता यायला हवं. माझ्याकडे तेव्हा सार्वजनिक पत्ता होता. आज माझ्या मोबाइल हॉटस्पॉटला तो नाही, ग्राहकाच्या डोंगलला नाही. दोघेही आपापल्या वाड्यात बंद, दोघांचेही देवडीवाले अनोळखी पत्र फेकणारे. मग कोण कुणाला गाठणार?

याचं सोपं उत्तर म्हणजे मध्यस्थ. दोघांनी बाहेर पडून तिसऱ्या ठिकाणी भेटायचं, आणि त्याने इकडची पाकिटं तिकडे द्यायची. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावात २००५ साली सुरू झालेल्या टीमव्ह्यूअरने हे इतकं सोपं केलं की पत्ता, पोर्ट, टिंब सगळं जाऊन फक्त आयडी आणि पासवर्ड उरला. पुढे श्टुटगार्टच्या एनीडेस्कने आपल्याकडे तर ‘एनीडेस्क द्या’ असं क्रियापदच बनवलं. पण सगळी वाहतूक मध्यस्थाकडून न्यायची तर त्याचं भाडं कुणीतरी भरतं आणि वेळही जातो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. मध्यस्थ तिथे असेल आणि आपण दोघे पुण्यात, तर मी दाबलेलं बटण तिथे जाऊन इथे येणार आणि बदललेली स्क्रीनही तिथे जाऊन इथे येणार : सव्वीस हजार किलोमीटर, १३० मिलिसेकंद, तेही केबल सरळ रेषेत आहे असं धरून. माउस हलवला की बाण जरा उशिराने हलतो. तासभर असं काम करून बघा, डोकं दुखतं. शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी जर्मनीमार्गे बोलायचं कशाला, या प्रश्नातून पुस्तकाचा गाभा सुरू होतो.

त्याचं नाव होल पंचिंग. मराठीत ‘भोक पाडणं’ म्हटलं तर घरफोडीसारखं वाटतं, आणि लेखिकेने इंग्रजी शब्दच ठेवला हे शहाणपणाचं केलं. घडतं ते असं. काट्यावरचा कॉम्प्युटर बाहेरच्या एका ओळखीच्या सर्व्हरला पाकीट पाठवतो. मीही पाठवतो. सर्व्हरला दोघांच्या पाकिटांवर राउटरने मारलेले बाहेरचे शिक्के दिसतात, पत्ता आणि पोर्ट. तो माझा शिक्का त्याला सांगतो, त्याचा मला. मग आम्ही दोघं एकाच वेळी एकमेकांना पाकीट पाठवतो. त्याचं पहिलं पाकीट माझ्या राउटरवर आपटून मरतं, कारण माझ्या वहीत त्याची नोंद अजून नाही. पण त्याच्या दारातून बाहेर पडताना त्याच्या वहीत माझी नोंद होऊन गेलेली असते. क्षणभराने माझं पाकीट तिथे पोचतं, आणि त्याच्या देवडीवाल्याला ते उत्तर वाटतं. तो दार उघडतो. माझ्या बाजूलाही तेच. कुणीही कुणाची भिंत फोडलेली नाही. दोघांनीही आतून बाहेर एकेक पाऊल टाकलं, इतकंच. वाया गेलेल्या त्या पहिल्या पाकिटाबद्दल मला उगाच माया वाटते.

सर्व्हर, मध्यस्थ आणि ही युक्ती यांचे ठरलेले नियम आहेत : स्टन, टर्न आणि आइस. स्टन म्हणजे ‘माझा शिक्का काय?’ हे विचारायची रीत. पहिली आवृत्ती मार्च २००३ ची. त्यातली एक बारीक गोष्ट लेखिकेने तळटीपेत टाकली आहे, मी ती वर ओढतो. पहिल्या स्टनमध्ये सर्व्हर तुमचा पत्ता पाकिटाच्या आत साध्या अक्षरांत लिहून पाठवायचा. काही अतिउत्साही राउटर पाकिटाच्या पोटात स्वतःचा बाहेरचा पत्ता दिसला की तोही बदलून आतला करून टाकायचे. मदत करायच्या हेतूने. म्हणजे ज्या उत्तरासाठी खटाटोप, तेच वाटेत पुसलं जायचं. २००८ च्या नव्या स्टनमध्ये म्हणून पत्ता उघडा लिहितच नाहीत. एका ठरलेल्या आकड्याशी त्याचा एक्सऑर करून वेष बदलून पाठवतात. यात गुप्तता काही नाही, तो आकडा सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त मध्येच हात घालणाऱ्या राउटरला तो पत्ता ओळखू येऊ नये. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही ही सोय समजावून सांगावी लागणार नाही.

ही युक्ती किती वेळा चालते? ब्रायन फोर्ड, पैडा श्रीसुरेश आणि डॅन केगेल यांनी २००५ च्या निबंधात मोजून पाहिलं होतं. तपासलेल्या नॅटपैकी सुमारे ८२ टक्क्यांतून यूडीपीचं होल पंचिंग झालं, पोच घेत चालणाऱ्या टीसीपीचं ६४ टक्क्यांतून. जिथे फसतं तिथे बहुतेक वेळा देवडीवाला जास्त काटेकोर असतो : प्रत्येक नव्या माणसाला पत्र लिहिलं की तो वेगळा शिक्का मारतो. सर्व्हरला दिसलेला शिक्का मग माझ्यासाठी निरुपयोगी. त्यावरचा एक उपाय मला गणित म्हणून फार गोड वाटला. पोर्ट असतात ६५,५३६. काट्यावरच्या कॉम्प्युटरने आपल्याकडून एकदम २५६ दारं माझ्या दिशेने उघडायची, आणि मी आंधळेपणाने पोर्ट ठोठावत जायचं. एखाद्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता आपल्याला वाटते त्यापेक्षा किती जास्त असते, ते शाळेत शिकलेलं गणित इथे कामाला येतं : २५६ वेळा ठोठावलं तर एखादं दार लागण्याची शक्यता ६३ टक्के. दोन्हीकडे काटेकोर देवडीवाले असले तर मात्र हे गणित कोसळतं आणि मुकाट मध्यस्थाकडे जावं लागतं. आइसचं काम तेच : आतला पत्ता, शिक्क्याचा पत्ता, मध्यस्थाचा पत्ता, सगळ्या जोड्या करून पाहायच्या आणि लागेल त्यातली चांगली निवडायची. ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल लावल्यावर चेहरा दिसण्याआधी जो अर्धा-एक सेकंद जातो, त्यात हे स्थळ पाहणं चाललेलं असतं.

इंटरनेटचे नवे, भरपूर पत्ते, म्हणजे आयपीव्ही६, आलं की हे सगळं संपेल, असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. जिओसारख्या मोबाइल जाळ्यांनी ते आपल्याकडे सर्रास दिलंही. नॅट त्याने जातं, हे खरं. पण घरच्या राउटरमधली फायरवॉल राहते, तिची वही राहते, आणि न मागितलेलं पाकीट ती तेव्हाही फेकते. विंडोज व्हिस्टाच्या काळात ‘टेरेडो’ नावाची एक सोय होती, जुन्या नॅटमधून आयपीव्ही६ नेणारी. तिचे कर्ते क्रिस्तियान हुइटेमा यांनी आधी तिला शिपवर्म म्हटलं होतं. टेरेडो हे त्याच प्राण्याचं शास्त्रीय नाव : शिंपल्याच्या कुळातला, किड्यासारखा दिसणारा, लाकडी गलबतांना भोकं पाडणारा. आपल्या किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांना हे नाव एखाद्या सोयीला द्यावंसं वाटलं नसतं.

एक तक्रार नोंदवतो. फसवणुकीवरचं प्रकरण फार आटोपशीर झालंय. ‘वीजबिल भरलं नाही, हे अ‍ॅप टाका आणि आयडी सांगा’ म्हणणारा चोर हीच युक्ती वापरतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा रिमोट अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. चोराला फायरवॉल भेदावी लागत नाही. तोही ‘द्या’च म्हणतो, आणि आजोबा देतात. पाकिटावरचे आकडे पाहून माझ्यात आणि त्याच्यात राउटरला फरक दिसत नाही, दिसणं शक्यही नाही. आम्ही सपोर्टवाल्यांनी लोकांना पंधरा वर्षं शिकवलं की फोनवरच्या गोड आवाजाला आयडी सांगायचा असतो. ती सवय आम्ही लावली. यावर लेखिकेने दुसऱ्या आवृत्तीत लिहावं.

दुसरी गोष्ट त्यांनी लिहिली आहे, आणि मी ती वाचताना अस्वस्थ झालो. दर वेळी ‘द्या’ म्हणायला नको म्हणून आम्ही ग्राहकाच्या यंत्रावर अ‍ॅप कायमचं बसवायचो, कायमच्या पासवर्डसह. यंत्र सुरू झालं की ते आपणहून बाहेर पडून मध्यस्थाकडे हजेरी लावतं. एकदाच दिलेलं, पण परत कधी न मागितलेलं. मी ती नोकरी सोडल्यावर दोन वर्षांनी जुन्या लॅपटॉपवर ती यादी उघडली. सात नावांपुढे हिरवा ठिपका होता. एक दवाखाना, तीन पतसंस्था, बाकी दुकानं. कुणालाही ठाऊक नव्हतं की माझ्याकडे अजून किल्ली आहे, मलाही नव्हतं. सगळ्यांना फोन करून ते काढून टाकायला दोन दिवस लागले. एका ठिकाणी मालकच बदलले होते, त्यांना मी कोण हे समजावून सांगताना मीच चोर असल्यासारखं वाटत होतं. त्यांनी शेवटपर्यंत मला आयडी सांगितला नाही. बरोबरच केलं त्यांनी.

काट्यावरच्या त्या क्लार्कला असलं काही शिकवावं लागलं नव्हतं. कॉम ५ झाल्यावर पहिली गाडी चढली, स्क्रीनवर १७,४६० किलो आले, प्रिंटरचा आवाज मला फोनमधून ऐकू आला. मी म्हटलं, झालं, बंद करतो आता. तो म्हणाला, “गेलात का तुम्ही?”

“गेलो.”

“नक्की?”

“हो.”

“तरी मी वायर काढतो,” तो म्हणाला, आणि राउटरमधली फोनची वायर त्याने उपटली. माझा व्ह्यूअर बंद करायचा राहून गेला होता. वायर उपटल्याचं पलीकडून कुणी कळवत नसतं. माझ्या टीसीपीच्या लेखी जोडणी अजून चालूच होती. तिकडे गाड्या पुढे सरकत राहिल्या असणार. माझ्या खिडकीत १७,४६० हाच आकडा, जराही न हलता, बराच वेळ दिसत होता.